विकीचे पान आणि वर्गातला पडदा



भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात होणारी ही व्याख्यानमाला एका शाळामास्तरांच्या स्मरणार्थ चालते. आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकवलेल्या माणसाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाला ‘विकीच्या पानांपासून स्लाइड तयार करणारी मुक्त साधने’ हा विषय शोभतो का, अशी शंका कुणाला येईल. माझ्या मते शोभतो. फळ्यावर काय लिहायचे आणि तोंडी काय सांगायचे, हा निर्णय प्रत्येक मास्तर रोज घेतो. मी ज्या साधनांबद्दल बोलणार आहे, ती हाच निर्णय यंत्राकडून करवून घेऊ पाहतात. त्यातले यंत्राला किती जमते आणि मराठीत ते करताना काय आडवे येते, एवढेच आज सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा साधनाची कसोटी एकच: त्याने काढलेल्या स्लाइडवरून मूळ पानाकडे परत जाता आले पाहिजे, आणि गेल्यावर ते पान सुधारता आले पाहिजे.

मराठीला कोशांची परंपरा जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले. ते रायपूर आणि आपला भंडारा, दोन्ही तेव्हा मध्यप्रांतात होते. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पहिले दोन कोश संपादकांनी केले, तिसरा वाचकच करतात. केतकरांचा खंड छापून झाला की त्यातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहायची. विकीवरची चूक आत्ता, या सभागृहात बसूनही दुरुस्त होते.

विकीची कल्पना अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांची. त्यांनी मार्च १९९५ मध्ये पहिली विकी चालू केली. वाचणाऱ्यालाच लिहिता येईल असे पान, आणि त्या पानाचे प्रत्येक जुने रूप जपून ठेवणारा इतिहास, या दोन गोष्टींवर सारी विकी उभी आहे. मराठी विकिपीडियावर कुठलेही पान उघडा. वर ‘इतिहास पहा’ अशी कळ दिसेल. कोणी केव्हा काय लिहिले, काय खोडले, सारे तिथे आहे. सरावासाठी ‘धूळपाटी’ आहे, चर्चेसाठी ‘चावडी’ आहे. ही नावे देणाऱ्यांना गाव ठाऊक होते, एवढे नक्की.

स्लाइडची गोष्ट निराळी. पॉवरपॉइंट १९८७ साली फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. बैठकीत भिंतीवर चार ओळी दाखवायच्या, ही स्लाइडची मूळ गरज होती. त्या चार ओळींनी पुढे अख्खा विचार गिळायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान कोसळले; कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. त्याचा धोका किती, हे अभियंत्यांनी वरिष्ठांना स्लाइडवरून सांगितले होते आणि महत्त्वाची कबुली सर्वांत खालच्या, बारीक अक्षरातल्या मुद्द्यात गेली होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या एका स्लाइडची चिरफाड केली. चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात नासाच्या या सवयीवर बोट ठेवले: जिथे सविस्तर तांत्रिक टिपण हवे, तिथे स्लाइड पुढे केली जाते.

मग विकीच्या भरगच्च पानाची स्लाइड करायचीच कशाला? कारण शिक्षकाला ती हवी असते. तालुक्याच्या शाळांत प्रोजेक्टर आले, टीव्हीचे मोठे पडदे आले. चाळीस मुलांना एकाच वेळी नकाशा, तक्ता किंवा छायाचित्र दाखवायचे तर पडद्यासारखे साधन नाही. आणि शिक्षकाची संध्याकाळ एकेक परिच्छेद उचलून चिकटवण्यात जाऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रोग्रामर मंडळींना ही गरज फार लवकर कळली, कारण त्यांचे स्वतःचे कामच विकीवर चालायचे. टीविकी आणि मॉइनमॉइन या विकींमध्ये पान जसेच्या तसे स्लाइडशो म्हणून दाखवण्याची सोय आली. २००४ साली एरिक मेयर यांनी एस-फाइव्ह नावाची पद्धत मांडली: ब्राउझरमध्ये उघडणारे एक साधे वेबपान, मथळ्यागणिक एक स्लाइड. डॉकुविकी या आणखी एका विकीसाठी तिचे प्लगइन निघाले. विकीसारख्या खुणांतून छापील दर्जाच्या स्लाइड काढणारे ‘विकी-टू-बीमर’ आले. जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी २००६ साली पँडॉक लिहायला घेतले. ते आज विकीच्या खुणा वाचून ब्राउझरमधले रिव्हील-जेएस, बीमर किंवा पॉवरपॉइंटची फाइल, मागाल ते काढून देते. ही सारी मुक्त परवान्याखाली आहेत. फुकट मिळतात हा त्यातला लहान भाग. उघडून पाहता येतात, बदलता येतात आणि बदललेले दुसऱ्याला देता येते, हा मोठा भाग. मराठीच्या दृष्टीने तो का मोठा, ते थोड्या वेळात सांगतो.

हे साधन काम कसे करते? विकीच्या पानात मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन चिन्हे असतात, उपमथळ्याला तीन. ताऱ्याची खूण म्हणजे यादीतला मुद्दा. दुहेरी चौकटी कंसात दुवा आणि दुहेरी महिरपी कंसात साचा. वरवर पाहता काम सोपे दिसते: मथळा आला की नवी स्लाइड. पण साच्याच्या पोटात साचा असतो आणि त्याच्या पोटात आणखी एक. माहितीचौकट, संदर्भ, सूचना हे सारे साच्यांतून येते. कंस मोजत बसणारा प्रोग्राम तिसऱ्या पातळीवर वाट चुकतो. म्हणून शहाणे साधन कच्च्या खुणा वाचतच नाही. ते विकिपीडिया चालवणाऱ्या मीडियाविकी या प्रोग्रामलाच विचारते, ‘हे पान उलगडून दे’, आणि साचे सोडवून आलेल्या मजकुरावर काम करते.

पुढचा प्रश्न, कुठल्या पातळीच्या मथळ्याला स्लाइड मानायचे. पँडॉकचा नियम मला आवडतो. ज्या मथळ्याखाली लगेच मजकूर सुरू होतो, अशांतली सर्वांत वरची पातळी तो स्लाइडची धरतो. तिच्या वरचे मथळे विभागांची नावे होतात. म्हणजे पान नीट बांधलेले असेल तर यंत्राला वेगळे सांगावे लागत नाही. मग येतो सर्वांत अवघड भाग, परिच्छेद. दीडशे शब्दांचा परिच्छेद पडद्यावर टाकला तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला काही दिसत नाही. त्याचे चार मुद्दे केले तर ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘असे असूनही’ हे शब्द गळतात आणि विचाराचा सांधा त्याच शब्दांत असतो. यावर चांगला तोडगा निघाला आहे. पडद्यावर मथळा, चित्र, तक्ता आणि फार तर एक वाक्य ठेवा. पूर्ण परिच्छेद वक्त्याच्या टिपणात पाठवा. रिव्हील-जेएसमध्ये ही टिपणे फक्त शिक्षकाच्या संगणकावर दिसतात. मुले चित्र पाहतात, शिक्षक सलग मजकूर वाचून आपल्या शब्दांत सांगतो. यंत्राने दाखवायचे, माणसाने सांगायचे, ही वाटणी मला योग्य वाटते.

आता मराठी. ही साधने बहुतेक इंग्रजी मजकुरावर तपासलेली असतात. पहिला फटका पूर्णविरामाचा बसतो. पहिले वाक्य उचलून स्लाइडवर टाका, असा नियम केला आणि मजकूर होता, ‘डॉ. श्री. व्यं. केतकर यांचा जन्म इ.स. १८८४ मध्ये रायपूरला झाला.’ यंत्राने त्याचे पाच तुकडे केले आणि पहिल्या स्लाइडवर ‘डॉ.’ एवढेच उमटले. हिंदीत वाक्याच्या शेवटी दंड असतो, त्यामुळे हिंदीसाठी लिहिलेला नियम इथे कामाचा नाही. डॉ., इ.स., कि.मी., रा. आणि नावांची आद्याक्षरे यांची यादी मराठी माणसानेच करून द्यावी लागते.

दुसरा फटका अक्षरे मोजण्याचा. मथळा चाळीस अक्षरांत बसवा, असे सांगितले तर यंत्र मोजते युनिकोडची चिन्हे. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर. यंत्राला क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. कात्री हलन्तानंतर चालली तर पाय मोडलेला ‘क्’ उरतो, मात्रेच्या आधी चालली तर शब्दच बदलतो. म्हणून मोजणी अक्षरसमूहांची हवी. युनिकोडने त्यासाठी नियम दिलेले आहेत. ते वापरायची आठवण असली म्हणजे झाले.

तिसरा फटका तुमच्या गावाच्या नावालाच बसतो. ‘सिहोऱ्यात’ हा शब्द घ्या, किंवा रोवणीच्या दिवसांतले ‘पऱ्हे’ घ्या. यातला अर्धा र टंकण्याच्या दोन रीती आहेत. एक ऱ वापरून. दुसरी, र आणि हलन्त यांच्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे कित्येक प्रोग्राम न दिसणारी चिन्हे पुसून टाकतात, आणि ‘सिहोऱ्यात’चे ‘सिहोर्यात’ होऊन बसते. पहिल्या रीतीलाही धोका आहेच: युनिकोडमध्ये ऱ चे विघटन ‘र अधिक नुक्ता’ असे होते, आणि नुक्ते काढणारा प्रोग्राम मध्ये आला की पुन्हा तेच. बंद साधनात हे घडले तर कंपनीला पत्र लिहून वाट पाहायची. मुक्त साधनात पुसणारी ती ओळ सापडते, तिथे मराठीसाठी अपवाद घालता येतो, आणि तो अपवाद वऱ्हाडापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांच्या कामी येतो. मघाशी मोठा भाग म्हणालो तो हा.

अक्षराच्या वळणाचेही असेच. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पण पानाची भाषा मराठी आहे हे फाइलमध्ये नमूद केलेले नसेल, तर हिंदीचे वळण उमटते. शिवाय देवनागरीला वर रेफ-अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या घट्ट ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता, हे फॉन्ट कुणालाही वापरता येतात. स्लाइडच्या फाइलमध्येच फॉन्ट भरून द्यावा, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या संगणकावर चौकोन दिसत नाहीत.

हे सारे तंत्राचे झाले. तंत्राच्या अडचणी सुटतात. त्यापुढची अडचण मोठी आहे, कारण ती आपल्याकडची आहे. मराठी विकिपीडियावर गावांची हजारो पाने आहेत. त्यातली कितीतरी एकाच साच्यातून निघालेली: हे अमुक जिल्ह्यातले एक गाव आहे, मग हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे. हवामानाचा मजकूर जिल्हाभर तोच. लोकजीवनाखाली काही नाही. प्रेक्षणीय स्थळांखाली काही नाही. असे पान वाचताना डोळा पुढे सरकतो, रिकामेपणा जाणवत नाही. त्याची स्लाइड केली की जाणवतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘लोकजीवन’ येते आणि खाली कोरी जागा. तुमसरच्या राइस मिलमध्ये यंत्र नवे असो की जुने, पोत्यात पोचट धान असेल तर तांदूळ निघत नाही. स्लाइडच्या यंत्राचेही तसेच आहे.

हा त्या यंत्राचा दोष नाही. मला तर तो त्याचा मोठा उपयोग वाटतो. कुठले पान पोकळ आहे, हे ते चारचौघांसमोर दाखवते. म्हणून चांगल्या साधनाने रिकामा मथळा गुपचूप गाळू नये. तो दाखवावा, आणि शेजारी ‘हे पान लिहा’ असा दुवा द्यावा.

लिहिण्यासारखे या भागात काय कमी आहे? माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही ठेव. कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे कसब, पाळ, सांडवा, पाट, पाण्याची वाटणी, १९५१च्या सुमारास मालगुजारी संपल्यावर बदललेली मालकी, गाळ आणि मासेमारी. एवढ्या मथळ्यांचे पान नीट लिहिले तर त्यातून दोन तासिकांच्या स्लाइड आपोआप निघतील. चांदपूरचा जलाशय इथून जवळ. बावनथडीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा संयुक्त प्रकल्प आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी याच तुमसर तालुक्यात. इथल्या झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत बसून काम केले. यातला एकेक विषय म्हणजे एकेक पान.

इथे एक खबरदारी. विकिपीडियाला प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ लागतो. आजोबांनी सांगितले, एवढे तिथे चालत नाही. तो नियम योग्यच आहे. पण आजोबांचे सांगणे वाया का जावे? शाळेने स्वतःची विकी चालवावी. डॉकुविकीला वेगळा डेटाबेस लागत नाही. ती साध्या मजकुराच्या फाइलींवर चालते आणि जुन्या संगणकावरही बसते. कुठल्या तलावाचे पाणी कुठल्या बांध्यांना जायचे, दंडार हे लोकनाट्य कुठल्या पारावर व्हायचे, हे मुलांनी विचारून, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन आणि तारीख घालून तिथे लिहावे. त्यातल्या ज्याला गॅझेटियरचा किंवा ग्रंथाचा आधार मिळेल, ते विकिपीडियावर जावे. स्लाइड दोन्हीकडून काढता येतात.

आता परत जाण्याच्या वाटेबद्दल. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो. कुणीही वापरावा, बदलावा, विकावा सुद्धा. अटी अशा की श्रेय द्यावे, बदल केला असल्यास तसे सांगावे आणि आपले रूपांतर त्याच परवान्याखाली खुले ठेवावे. म्हणजे त्या मजकुरापासून केलेली तुमची स्लाइडही दुसऱ्या शिक्षकाला खुली. चित्रांचे परवाने मात्र प्रत्येकाचे निराळे, छायाचित्रकाराचे नाव निराळे. हे सारे हाताने लिहायचे म्हटले तर कोणी लिहीत नाही. म्हणून ते साधनाने करावे. शेवटच्या स्लाइडवर श्रेयनामावली आपोआप यावी आणि प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात पानाच्या त्या आवृत्तीचा कायमचा दुवा असावा. तो क्यूआर कोड म्हणून छापला तर उत्तम. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे काम होते. त्यांनी छापील पानावरून मुलांना पडद्याकडे नेले. आपण पडद्यावरून मुलांना लिहित्या पानाकडे न्यावे.

असे साधन एकदा बनवून भागत नाही. विकिपीडियावर अनेक पाने जोडून पुस्तक काढण्याची सोय होती. तिच्यामागचा प्रोग्राम जुना झाला, सांभाळणारे हात उरले नाहीत आणि २०१७ साली तो बंद करावा लागला. जगातल्या इतक्या मोठ्या संस्थेवर ही वेळ आली. तेव्हा नवे साधन आरंभण्याआधी पँडॉकसारख्या जिवंत साधनाला मराठीची जोड देता येते का, हे पाहावे. आणि लिहिलेल्या प्रत्येक नियमाबरोबर मराठी वाक्यांची चाचणी ठेवावी. वर सांगितलेले केतकरांचे वाक्य आणि ‘सिहोऱ्यात’ हा शब्द, दोन्ही त्या चाचणीत शोभतील.

नेट नसते, वीज जाते, मग हे सारे कसे, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. किविक्स नावाच्या मुक्त प्रोग्रामवर मराठी विकिपीडिया एका फाइलीत उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. शाळेतल्या एका संगणकावर तो ठेवला की वर्गातले बाकीचे संगणक तिथून वाचतात. रिव्हील-जेएसच्या स्लाइडही चित्रे आणि फॉन्टसकट एकाच फाइलीत बांधता येतात. लिबरऑफिस इम्प्रेसवर स्लाइड कशा करायच्या, हे मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीत शिकवलेले आहे. तेही उतरवून ठेवता येते.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला नुसता विषय सांगितला की दहा स्लाइड तयार मिळतात, मग विकी आणि परवाने यांचा खटाटोप कशाला? स्लाइड मिळतात हे खरे. पण त्यातले वाक्य कुठून आले, कोणी लिहिले, चुकले असेल तर कुठे दुरुस्त करायचे, याचा पत्ता बहुधा नसतो. शिवाय ते यंत्रही जे लिहिलेले असेल, त्यावरच शिकते. मामा तलावांवर कोणी लिहिलेच नसेल, तर ते काय सांगणार?

म्हणून माझे मागणे साधे आहे. इथल्या शाळा-महाविद्यालयांनी या वर्षी आपल्या परिसराचे एक पान निवडावे. ग्रंथालयातून त्याचे संदर्भ काढावेत, मुलांकडून धूळपाटीवर कच्चे लिहून घ्यावे, शिक्षकांनी तपासावे, मग ते पान चढवावे आणि त्याच पानाच्या स्लाइड काढून पुढच्या वर्गाला शिकवावे. शिकवताना मुलांनी ज्या चुका दाखवल्या, त्या त्याच आठवड्यात पानावर दुरुस्त कराव्यात. तुमच्यापैकी ज्यांना प्रोग्रामिंग येते, त्यांनी संक्षेपांची यादी आणि अर्ध्या र चा अपवाद एवढे दोनच नियम घ्यावेत आणि ते मूळ साधनात घालून पाठवावेत. यासाठी कोणाच्या मंजुरीची किंवा निधीची वाट पाहावी लागत नाही. पान उघडे आहे, साधनही उघडे आहे. लिहिणारे हात तेवढे हवेत, आणि ते सिहोऱ्यातून यावेत, ही माझी विनंती आहे.